फत्तेमारी चौथऱ्यावर चढवण्याआधी : आमच्या नगरपंचायतीला खुलं पत्र

प्रति,
मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी आणि सर्व नगरसेवक यांस,

सप्रेम नमस्कार.

खाडीकाठी जुन्या धक्क्याच्या खालच्या अंगाला उभी असलेली फत्तेमारी, म्हणजे जुनं शिडाचं मालवाहू जहाज, क्रेनने उचलायची, नव्या बागेत सिमेंटच्या चौथऱ्यावर बसवायची, बाहेरून फायबरचा लेप द्यायचा, वर रंग द्यायचा, खाली दिवे सोडायचे आणि समोर सेल्फी पॉइंट करायचा, असा ठराव आपल्या सभेने मंजूर केला आणि त्याची निविदाही निघाली. या ठरावाला आमची हरकत आहे.

हेतू चांगला आहे, हे आधीच म्हणून ठेवतो. इतकी वर्षं त्या जहाजाकडे कोणी वळून पाहत नव्हतं, ते आपण पाहिलंत. पण ठरावात लिहिलंय तसंच काम झालं, तर काही पावसाळ्यांतच आतलं लाकूड संपेल आणि बागेत जहाजाच्या आकाराचं टरफल उरेल. असं का होईल आणि त्याऐवजी काय करावं, ते पुढे लिहिलं आहे. पत्र उघड लिहितोय, कारण जहाज गावाचं आहे आणि पैसेही गावाचे आहेत.

आम्ही म्हणजे या खाडीत जहाजं बांधणारे आणि दुरुस्त करणारे सुतार, तांडेल-खलाशी म्हणून दर्यावर गेलेली माणसं, आणि नौकाबांधणीचं शिक्षण घेतलेली आमच्याच घरांतली मुलं. आमचा संबंध सरळ आहे. या किनाऱ्यावर फत्तेमारी कागदावर नकाशा काढून बांधली गेली नाही. दोन-चार फर्मे, दोरी, ओळंबा आणि मिस्त्रीची नजर यांवर ती उभी राहिली. बांधणारे बहुतेक गेले. त्यांनी काय केलं ते आता फक्त त्या लाकडात वाचता येतं.

काय वाचवायचं आहे

फत्तेमारी हे मुंबई ते मलबार या पट्ट्यातलं मालवाहू शिडाचं जहाज. दोन किंवा तीन डोलकाठ्या, तिरक्या परभाणावर, म्हणजे शीड बांधायच्या लांब काठीवर, चढवलेलं शीड, पुढे लांबवर झुकलेली नाळ, म्हणजे जहाजाचं नाक. मंगलोरी कौलं, मीठ, तांदूळ, खोबरं, काथ्या, गूळ, इमारती लाकूड असा माल घेऊन ही जहाजं रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं करत. नारळी पौर्णिमा झाली की निघायचं आणि पावसाच्या तोंडावर खाडीत शिरायचं, असा त्यांचा वर्षाचा क्रम. पुढे रस्ते झाले, ट्रक आले, जहाजांत इंजिनं बसली आणि शिडाचा धंदा संपला. आपल्या काठावरची ही त्यांतली मागे राहिलेली. लांबी साधारण ६० फूट, फळ्या सागाच्या, वांक, म्हणजे आतल्या फासळ्या, ऐन आणि बाभळीचे, खिळे लोखंडी.

मराठी आरमाराचं नाव घेतल्याशिवाय आपल्याकडे एकही भाषण होत नाही. पण त्या आरमारातली एकही गुराब, एकही गलबत आज कुठे उभं नाही. गुराबा दोन-तीन डोलकाठ्यांच्या, दीडशे ते तीनशे टनांच्या असत. गलबतं फार तर सत्तर टनांची, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. हे आकडे आपल्याला मिळतात ते मुख्यतः इंग्रजांनी लिहून ठेवले म्हणून. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला तेव्हा तुळाजी आंग्र्यांचं आरमार तिथेच जळालं. वाघोटनच्या खाडीत खडक तासून केलेली गोदी अजून पाहता येते. त्या गोदीत दुरुस्तीला लागलेल्या जहाजांचं साधं मापही हाती नाही.

सागाला दीर्घायुष्य आहे, याचा पुरावा हवा असेल तर तो मुंबईनेच दिलेला आहे. वाडिया घराण्यातल्या जमशेटजी बमनजींनी मुंबई गोदीत बांधलेली ‘ट्रिंकोमली’ ही युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. ती आज इंग्लंडात हार्टलपूल इथे पाणी भरलेल्या गोदीत तरंगते आहे. तिच्यावर १९९० च्या दशकात दहा वर्षं काम चाललं, म्हणून तरंगते आहे.

दुसरं उदाहरण ताजं आहे. पाचव्या शतकातलं जहाज पुन्हा बांधायचं ठरलं तेव्हा अजिंठ्याच्या भिंतीवरचं चित्र समोर धरावं लागलं. काथ्याने फळ्या शिवून गोव्यात बांधलेलं ते जहाज ‘कौंडिण्य’ नावाने २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झालं. काम मोठं झालं, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण मोजायला जुनं जहाजच नव्हतं. त्यामुळे तळाचा आकार काय असावा, तोल कसा राहील, हे चित्रावरून अंदाज बांधून आणि प्रयोगशाळेत छोट्या प्रतिकृती पाण्यात चालवून ठरवावं लागलं. फत्तेमारीच्या बाबतीत मोजायला जहाज आहे. ते आपल्याच हद्दीत आहे.

पहिली हरकत : चौथरा

ही सगळ्यांत मोठी, म्हणून जरा सविस्तर.

जहाज पाण्यात असतं तेव्हा पाणी त्याला तळापासून सगळीकडून उचलून धरतं. जमिनीवर घेतलं की सगळं वजन जिथे जिथे टेकलंय तेवढ्याच जागांवर येतं. रिकामा सांगाडाही आमच्या अंदाजाने २५ ते ३० टनांचा आहे. निविदेतल्या नकाशात चौथऱ्याचा माथा सपाट आहे. पठाण, म्हणजे तळाचा कणा, सपाट नाही. तो मधे उचललेला आहे. ही उचल काही प्रमाणात बांधणीतलीच असावी, या जातीच्या जहाजांना तशी ठेवत. काही वयाने आली असेल. किती कशाने, हे मोजल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. सपाट चौथऱ्यावर ठेवलं तर मधला भाग अधांतरी राहून वजन दोन टोकांवर जाईल, कणा हळूहळू खाली बसेल आणि त्याबरोबर वांक आणि फळ्यांचे जोड सुटतील. टोकं मोकळी सोडून फक्त मधे टेकू दिला तर उलट होईल: नाळ आणि पिछाडी खाली झुकतील. आमच्या भाषेत याला जहाजाची पाठ मोडली म्हणतात, आणि मोडलेली पाठ पुन्हा सरळ करणं जवळजवळ अशक्य असतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. इंग्लंडात पोर्ट्समथची ‘व्हिक्टरी’ ही जुनी लाकडी युद्धनौका १९२२ पासून कोरड्या गोदीत आहे. तिच्याकडे पैसा आणि माणसं यांची कधी वाण नव्हती, तरी तिचा सांगाडा आपल्याच वजनाने बसत गेला. शेवटी जुने २२ पोलादी आधार काढून तिथे १३४ टेकू लावले. प्रत्येक टेकूवर किती भार येतोय ते मोजता येतं आणि टेकू वरखाली करता येतो.

चौथऱ्याचा दुसरा दोष ओलीचा. लाकूड थेट सिमेंटवर बसलं की दोघांच्या मधल्या फटीत पावसाचं पाणी शिरतं आणि तिथेच राहतं. नकाशात तर कण्याचा खालचा चार इंचांचा भाग काँक्रीटमध्ये गाडलेला दाखवलाय, ‘मजबुतीसाठी’. तो भाग नेमका कुजेल आणि कुजताना कोणाला दिसणारही नाही.

करायला हवं ते असं. खाली निचरा होईल अशी दगड-खडीची भर. तिच्यावर कण्याखाली दर चार फुटांवर कठीण लाकडाचे ठोकळे, मधल्या उचलीप्रमाणे कमी-जास्त उंचीचे. ठोकळा आणि जमीन यांच्यामध्ये पत्र्याची टोपी, म्हणजे वाळवी चढताना दिसते. दोन्ही बाजूंना वांकांच्या रेषेत टेकू, प्रत्येक टेकूच्या डोक्याशी पाचरींची जोडी. टेकू दोन वांकांच्या मधे फळीवर दिला तर फळी आत दबते, म्हणून रेष चुकवायची नाही. बराचसा भार कण्यावर राहिला पाहिजे. टेकू फक्त जहाज उभं धरण्यापुरते. मग नाळेपासून पिछाडीपर्यंत दोरी ताणून ठरावीक जागांवर कण्याचं अंतर मोजायचं, वहीत लिहायचं, आणि दर सहा महिन्यांनी तेच माप पुन्हा घेऊन पाचरी सारख्या करायच्या. यात महाग असं काही नाही. फक्त ते दरवर्षी करावं लागतं.

दुसरी हरकत : फायबरचा लेप आणि सांध्यांत सिमेंट

लाकूड हलतं. पूर्ण भिजलेली सागाची आठ इंची फळी उन्हाळ्यात सुकली की तीन ते पाच मिलिमीटर आखडते. एका बाजूला १६ फळ्या धरल्या तर हा फरक पाच ते आठ सेंटिमीटरवर जातो. इतर लाकडांच्या मानाने साग कमी हलतो, तरी इतका. फायबरचा लेप हलत नाही. पहिल्या वर्षी सांध्यांच्या रेषेत केसासारख्या चिरा पडतील, दुसऱ्या वर्षी त्यांतून पाणी आत जाईल आणि पुढे लेप पापुद्र्यांनी सुटेल. सुटताना फळीचा वरचा थर घेऊनच सुटेल.

पण चिरा पडल्या नाहीत तर जास्त वाईट. डेकवरून, डोलकाठीच्या भोकातून, कठड्याच्या जोडांतून आत आलेलं पाणी मग बाहेर जाऊच शकत नाही. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी वाढायला सुरुवात होते. लेपाखाली ती कायम त्याच्या वरच राहणार. त्यात खिळे लोखंडी. ओलं लाकूड आणि मिठाचा अंश यांत लोखंड गंजतं, फुगतं, भोवतीचं लाकूड आधी काळं पडतं आणि मग भुसभुशीत होतं. खिळ्याचं डोकं दिसायला शाबूत आणि पकड शून्य, अशी अवस्था होते. वरून गुळगुळीत रंग असल्यामुळे एखादी फळी खाली येईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही.

सांध्यांत सिमेंट आणि पुट्टी भरण्याचं कलमही तसंच काढून टाकावं. कोरड्या जहाजाचे सांधे कडक मालाने भरले की पावसात फळ्यांना फुगायला जागा उरत नाही. त्या एकमेकींना रेटतात आणि वांकांत बसलेले खिळे उपटून काढतात. सांध्यात कापसाची वातच हवी. छिन्नी आणि मोगरीने बेताने ठोकलेली, वर राळ आणि तेलाचा मऊ लेप. आपल्या जहाजाच्या फळ्यांचे सांधे सलग मोजले तर एकोणीसशे फुटांच्या आसपास भरतात, टोकांचे जोड वेगळे. त्यामुळे ‘सांधे भरणे : एकरकमी’ असं एका ओळीत हे काम येत नाही. जुनी वात काढणे, सांधा साफ करणे, खराब कड ओळखणे, नवी वात भरणे, या चार वेगळ्या पायऱ्या आहेत आणि त्यांचा दर फुटावर ठरवता येतो.

लाकडाला बाहेरून काय लावायचं, तर जे लाकडाला श्वास घेऊ देतं ते. उंडीचं तेल, राळ, पाण्याच्या वरच्या भागाला माशाचं तेल. बागेत वास येईल, हे मान्य. वास काही दिवसांत जातो.

तिसरी हरकत : उघड्यावर

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. लोकांना वाटतं खारं पाणी जहाज खातं. खाऱ्या पाण्यातला टेरेडो किडा लाकूड पोखरतो, हे खरं. पण तो पाण्याखालीच जगतो, कोरड्या लाकडाला तो काही करत नाही. कुजवणारी बुरशी गोड्या पाण्यावर पोसते. मीठ मुरलेल्या लाकडात ती सहजी धरत नाही. म्हणून तर उत्तर अमेरिकेतले जहाज बांधणारे वांकांच्या मधल्या पोकळ्यांत मीठ भरत. जहाज कुजतं ते वरून : डेकच्या फळ्यांखाली, तुळयांच्या टोकांशी, वांकांच्या माथ्यांवर, नाळेच्या जोडात. जिथे पावसाचं पाणी साचतं तिथे.

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो चार महिन्यांत. आपले लोक पावसाआधी होड्या शाकारतात ते उगाच नाही. झापांखाली होडी चार महिने कोरडी राहते, पण बाजूंनी वारा खेळता असतो. आपल्या ठरावात छप्पर नाही. ‘जहाज लांबून दिसायला हवे’ असं कारण दिलंय. वर बागेच्या हिरवळीला रोज पाणी घालणारे फवारे चौथऱ्याला लागूनच आहेत. म्हणजे पावसाळ्यात पाऊस आणि बाकीचे आठ महिने फवारे. शिवाय हिरवळीची माती म्हणजे वाळवीला घरचं आमंत्रण.

छप्पर हवं. भिंती नकोत. वळचणी दोन्ही बाजूंनी निदान सहा-आठ फूट बाहेर, म्हणजे तिरका पाऊस आत येत नाही. खणांची झाकणं उघडी, आतल्या तक्तपोशीच्या दोन-दोन फळ्या काढून ठेवलेल्या, म्हणजे वांकांच्या मधून हवा फिरते. उन्हाळ्यात सांधे फार उघडू लागले तर सकाळ-संध्याकाळ खाडीचं खारं पाणी शिंपडायचं, नळाचं नाही.

छपराखाली विजेचं काम असेल तर रात्री मुख्य बटण बंद झालंच पाहिजे. लंडनच्या ‘कटी सार्क’ या जुन्या शिडाच्या जहाजाला २१ मे २००७ रोजी आग लागली, ती दुरुस्तीचं काम चालू असताना सुरू राहिलेल्या एका साफसफाईच्या यंत्रामुळे.

उचलणं, मोजणं, निविदा

क्रेनबद्दल थोडक्यात. दोन पट्टे, एक पुढे एक मागे, आणि वर एकच आकडा, अशी पद्धत निविदेत आहे. पट्टे वर एकत्र आले की ते दोन्ही कठडे आत चेपतात आणि मधला भाग लोंबतो. उचलायचंच असेल तर वर पोलादी तुळई, तिच्यावरून निदान चार पट्टे, प्रत्येक पट्टा वांकाखाली, आणि जहाजाच्या आत आडवे-तिरके आधार ठोकलेले. आमचं मत विचाराल तर उचलूच नये. ती जिथे आहे ती जागा उधाणाच्या रेषेच्या वर आहे. छप्पर तिच्यावर न्यावं.

मोजणी मात्र कशालाही हात लावण्याआधी. नाळेपासून दर दोन फुटांवर ओळंबा सोडून आडवे छेद, फळ्यांची रुंदी-जाडी, दोन फळ्यांच्या कडा एकमेकींत कशा बसवल्यात ते, खिळ्यांची मांडणी, प्रत्येक भागाच्या लाकडाची जात, जुन्या दुरुस्त्यांच्या खुणा, रंगाचे थर. मुंबई-गुजरातकडे फळीच्या कडेला खाच काढून दुसरी तिच्यात बसवायची पद्धत होती. आपल्या जहाजात ती काही पट्ट्यांत आहे आणि काहींत नाही. का, ते आम्हालाही शोधायचंय. सोबत सगळ्या बाजूंनी फोटो काढून संगणकावर त्रिमितीय आकृती करता येते, त्याला आता फार मोठा खर्च येत नाही. रंग एकदा घासून काढला की यातलं अर्धं कायमचं जाईल.

त्यानंतर तपासणी : हातोडीने ठोकून आवाज ऐकणे, टोच्याने कडा पाहणे, ओल मोजणे, आणि निवडक खिळे उपसून त्यांची पकड बघणे. कुठली फळी राहील आणि कुठली बदलेल, याची यादी तिथून निघते.

निविदा ‘सुशोभीकरण’ या सदरात काढली आहे. पात्रतेत पेव्हर ब्लॉक आणि कारंज्यांचा अनुभव मागितलाय, लाकडी जहाजाचा नाही. रकमेतला मोठा वाटा दिवे, रेलिंग आणि फलकाचा आहे. देखभालीसाठी पुढच्या वर्षांचा एक रुपयाही नाही. आम्हाला सगळ्यांत जास्त भीती याची वाटते. ‘विक्रांत’चं काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलंय. युद्धनौका मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. देखभालीची कायमची सोय लागली नाही, २०१२ मध्ये ती सुरक्षेच्या कारणाने बंद झाली आणि २०१४ मध्ये लिलावात जाऊन भंगारात निघाली. ती तर पोलादाची होती.

पुरातत्त्वाच्या कायद्याकडे बोट दाखवून उपयोग नाही, हेही नमूद करतो. १९७२ च्या कायद्यात पुरावस्तूला शंभर वर्षांची अट आहे. दगडी मंदिराला ती सहज पुरते. आपल्याकडची बहुतेक लाकडी जहाजं शंभरी गाठण्याआधीच सरपणात जातात. तेव्हा ही जबाबदारी स्थानिक पातळीवरच घ्यावी लागेल.

पाण्यात सोडण्याबद्दल

आमच्यातच काहींचं म्हणणं आहे की फत्तेमारी पुन्हा तरंगवावी. बहुतेकांचं मत विरुद्ध आहे. तरंगवायची तर निम्म्याहून जास्त फळ्या आणि बरेच वांक बदलावे लागतील. मग जुनं जहाज म्हणून जे राखायचं, तेच हातातून जातं. त्यापेक्षा हिला छपराखाली जशी आहे तशी ठेवावी आणि हिच्या मापांवरून एक नवी बांधावी. नवी बांधताना चार तरुण सुतार तयार होतील, आणि जुनीची दुरुस्ती करायला पुढे तेच हात लागणार आहेत. वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, कसा धरायचा हे पाहून कळत नाही, करून कळतं. नव्या जहाजाचा खर्च नगरपंचायतीने करावा असं आम्ही म्हणत नाही. तो वेगळा विषय आहे.

आमच्या मागण्या

१. सध्याची निविदा रद्द करावी. दुरुस्ती करून चालणार नाही, कारण तिचा पायाच सुशोभीकरणाचा आहे.

२. येत्या मृगाआधी फत्तेमारीवर तात्पुरतं छप्पर घालावं. बांबू, झाप आणि ताडपत्री एवढ्यात ते होतं. ताडपत्री लाकडाला टेकता कामा नये. निदान दोन फुटांची मोकळी जागा हवी, नाहीतर आत घाम धरतो.

३. मोजणी आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत घासणं, रंगवणं, खिळे ठोकणं, उचलणं यांतलं काहीही होऊ नये. मोजणीची आखणी आम्ही विनामूल्य करून देऊ. नकाशे आणि फोटो नगरपंचायतीच्या दप्तरात आणि गावच्या वाचनालयात, दोन्हीकडे राहावेत.

४. चौथऱ्याऐवजी वर लिहिल्याप्रमाणे ठोकळे, टेकू आणि पाचरी. कायमचं छप्पर आहे त्याच जागी.

५. दुरुस्ती लाकडाला लाकूड या पद्धतीने. तिरका जोड फळीच्या जाडीच्या निदान आठपट लांब. शेजारच्या दोन फळ्यांचे जोड एकाच वांकावर नकोत. नव्या तुकड्यावर आतल्या बाजूने वर्ष कोरावं, म्हणजे जुनं कुठलं आणि नवं कुठलं ते पुढच्याला कळेल. साग आत्ताच घ्यावा लागेल. सावलीत वाळायला इंचाला वर्ष असा हिशोब आहे आणि फळ्या दोन इंची आहेत.

६. अर्थसंकल्पात ‘फत्तेमारी देखभाल’ असं स्वतंत्र शीर्ष असावं आणि त्यात दरवर्षी तरतूद व्हावी. रक्कम छोटी चालेल. खंड पडलेला चालणार नाही.

७. देखरेखीसाठी पाच जणांची समिती. त्यात निदान दोन जण जहाजबांधणीचं काम प्रत्यक्ष केलेले असावेत. समितीची वही लोकांना पाहायला खुली असावी.

येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा आणि आमच्यापैकी दोघांना तिथे बोलू द्यावं. त्याआधी जागेवर येऊन पाहायचं असेल तर केव्हाही या, कण्याच्या खालून वाकून बघता येतं.

कळावे,

आपले,
खाडीकाठचे जहाजसुतार, तांडेल, खलाशी आणि ग्रामस्थ

ता. क. : फत्तेमारीशेजारी पडलेलं सुकाणू, परभाणाचे दोन तुकडे, लाकडी कप्प्या आणि नांगर यांचा उल्लेख निविदेत ‘जागेवरील भंगार’ असा आहे आणि ते ठेकेदाराने हलवायचे आहेत. ते जहाजाचेच भाग आहेत. कृपया त्यांवर क्रमांक टाकून ते आजच कुलपात घ्यावेत. सुकाणू आडवं ठेवताना खाली तीन ठोकळे द्यावेत, दोन नव्हे.